तक्रार हाताची, आरोपी सीट

पुण्यात पन्नाशी उलटली की माणूस एकतर हास्यक्लबात जातो, नाहीतर सायकल घेतो. हास्यक्लब फुकट असतो, त्यामुळे घरच्यांचा कल तिकडे होता. मी सायकल घेतली. वाकड्या हँडलची, अरुंद सीटची आणि जिची किंमत घरात एक, मित्रांत दुसरी सांगावी लागते अशी.

खडकवासल्यापर्यंत सगळं ठीक चालायचं. पुढे डोणज्याच्या आसपास उजव्या हाताला मुंग्या यायला लागत आणि परतीच्या वाटेवर तो पार बधिर होई. नेमकं सांगायचं तर करंगळी सगळी आणि अनामिका अर्धी. हो, अर्धीच. करंगळीकडची बाजू ठार बधिर, मधल्या बोटाकडची शाबूत. चहाच्या टपरीवर सुट्टे काढायला खिशात पाच बोटं जात, पण कामावर साडेतीनच हजर असत.

आमच्या सोसायटीत सल्ला मागावा लागत नाही, तो लिफ्टमध्येच मिळतो. एकाने बी-12 सांगितलं, दुसऱ्याने मानेचे मणके. सौ.च्या मावशी हात बघतात. त्यांनी माझा तळवा खिडकीपाशी नेऊन तपासला. करंगळी बुधाची, अनामिका रवीची, दोन्ही ग्रह रुसलेत, असं निदान झालं.

"पण मावशी, अनामिका अर्धीच बधिर होते."

"खंडग्रास असेल," मावशी शांतपणे म्हणाल्या.

डॉक्टरांनी मात्र ग्रह सोडून नस धरली. कोपर दारावर आपटलं की जी झिणझिण्या आणते तीच ही, अल्नर नस. मनगटाशी, तळव्याच्या करंगळीकडच्या बाजूला, दोन चिमुकल्या हाडांमधल्या अरुंद बोगद्यातून ती बोटांकडे जाते. करंगळी आणि अर्धी अनामिका तिच्या अखत्यारीत, बाकीची दुसऱ्या नसेच्या. हँडलवर तळवा नेमका त्या बोगद्यावर रेटला जातो आणि वाहतूक ठप्प. या बोगद्याचं वर्णन 1861 साली फेलिक्स ग्वियाँ या फ्रेंच सर्जनने केलं, म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. गंमत म्हणजे हे गृहस्थ पुढे नावाजले ते मूत्ररोगतज्ज्ञ म्हणून. ही माहिती तेव्हा मी हसण्यावारी नेली. ती किती कामाची आहे हे बाइक फिटिंगवाल्याकडे गेल्यावर कळलं.

फिटिंगवाला मुलगा माझ्या पुतण्याच्या वयाचा. त्याने माझ्या घोट्यावर, गुडघ्यावर, खुब्यावर, खांद्यावर, कोपरावर आणि मनगटावर ठिपके चिकटवले. सायकल स्टँडवर चढवून मला जागच्या जागी पेडल मारायला लावलं आणि बाजूने व्हिडिओ काढला. मग भला मोठा कोनमापक आला. पेडल खाली असताना गुडघ्यातला वाक साधारण 25 ते 35 अंशांत हवा, तो होता. गुडघ्यावरून चक्क ओळंबा सोडला, तोही पसंत पडला. नंतर फोमच्या पाटावर बसवून, उठल्यावर उमटलेल्या दोन खळग्यांमधलं अंतर त्याने मिलिमीटरमध्ये मोजलं. माझ्या देहाच्या त्या भागाकडे इतक्या गांभीर्याने आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

"काका, पेडल मारत राहा आणि हळूच हँडल सोडा."

मी सोडलं आणि नाक घेऊन पुढे गेलो. त्याने खांद्याला धरून थोपवलं.

"हाताला काही झालेलं नाही, काका. तुमची सीट घसरगुंडी आहे."

त्याने सीटवर लेव्हल ठेवली. तिचा बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला. झालं होतं असं की मध्यंतरी सीटचं टोक एका नाजूक जागी टोचत होतं आणि ग्रुपमधल्या एका अनुभवी मित्राने ते खाली झुकवून दिलं होतं. टोचणं थांबलं, पण मी इंच इंच पुढे घसरत होतो आणि सगळं वजन दोन तळव्यांवर तोलत होतो. म्हणजे मूत्ररोगतज्ज्ञांच्या हद्दीतली तक्रार रेटत रेटत त्यांच्याच नावाच्या बोगद्यात आली होती. दोन्ही ठिकाणी ग्वियाँसाहेबच.

मुलाने सीट सपाट केली. टोचू नये म्हणून खळग्यांच्या मापाची, मधे खाच असलेली रुंद सीट दिली. हँडल पुढून धरून ठेवणारा स्टेम 110 मिलिमीटरचा होता, तो काढून 80 चा बसवला. टायरमधली हवा 120 वरून 85 पीएसआयवर आणली आणि "कोपरं ताठ ठेवू नका," असं बजावलं. बिल पाहून सौ. म्हणाली, "अहो, शिंपी माप घेतो तेव्हा निदान कपडा तरी शिवून देतो!"

आता डोणज्यापर्यंत पाचही बोटं सोबत येतात. पैनगंगेच्या काठच्या माझ्या गावी आजोबा काळ्या, उंच हँडलच्या सायकलवर ताठ बसून बाजाराला जात. त्यांना हा त्रास झाल्याचं ऐकलं नाही, कारण त्यांचं वजन जिथे असायला हवं तिथेच असे.

सायकलवरून उतरल्यावरही तुमची बोटं जागी होत नसतील, तर मावशींना मधे न घेता थेट डॉक्टर गाठा. पण फक्त सायकलवर बधिर होत असतील, तर फिटिंगचे पैसे मोजण्याआधी सीटवर लेव्हल ठेवून बघा. ती गवंड्याकडे असते. पुण्यात बांधकाम सुरू नाही अशी गल्ली मिळणं कठीण, आणि पाच मिनिटांसाठी मागितली तर गवंडी सहसा नाही म्हणत नाही.