मागचं चाक काढणे: नवशिक्यांसाठी सुलभ कृती

साहित्य: एक ट्रॅक्टर, जॅक, बाभळीचे दोन-चार ठोकळे, दोन पाचरी, रिंगपाना, त्याच्या दांड्यावर बसेल असा चार फुटी पाइप, घण, डिझेल आणि एक अख्खा रिकामा दिवस. शेजारी बोलवावे लागत नाहीत. घणाचा पहिला ठोका पडला की आपोआप येतात.

चाक काढायचं कशाला? पाच फुटी सरीतला ऊस हातभर झालाय, बाळबांधणीला, म्हणजे कोंबांना हलकी माती लावायला, ट्रॅक्टर घालायचाय. सरी 60 इंचांची आणि तुमच्या चाकांमधलं अंतर 52. म्हणजे दोन्ही चाकं 4-4 इंच कोंबांच्या अंगावर. कंपनीला हे ठाऊक असतं, म्हणून रिम वेगळी आणि मधली डिस्क वेगळी दिलेली असते. डिस्क पालथी घाला, रिम आतून किंवा बाहेरून आवळा, अंतर टप्प्याटप्प्यानं बदलतं. पुस्तकात त्याची चित्रंही असतात. पुस्तक सीटखालच्या डब्यात ग्रीसमध्ये भिजलेलं सापडेल. हवं ते पान चिकटलेलं असेल.

आधी पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा. मग पुढच्या एक्सलला पाचरी. ट्रॅक्टरचा पुढचा एक्सल मधोमध एका खिळीवर डुलतो. पाचरी न ठोकता मागून उचललात तर सगळा ट्रॅक्टर एका अंगाला कलतो. आमच्याकडे एकदा कलला होता. त्या दिवशी मी मोठ्यानं देवाचं नाव घेतलं, आणि आई म्हणाली, एवढी भक्ती वारीला कुठं जाते?

आता नट. हे चाक जमिनीवर असतानाच ढिले करायचे. आधी उचललंत तर नटाऐवजी चाकच फिरतं आणि जॅक डुगडुगायला लागतो. पण आपला नट ढिला होणार नाही. पाच पावसाळ्यांचा चिखल आणि युरियाचं पाणी पिऊन त्याचे कोपरे चिंचोक्यासारखे गुळगुळीत झालेत. आदल्या रात्रीच त्यावर डिझेल सोडायला हवं होतं, हे तुम्हाला आज सकाळी कळेल. तरी सोडा, तासभर थांबा, चहा घ्या. मग पान्याला पाइप घालून आपलं वजन द्या. ‘कट्ट’ असा आवाज आला तर एक तर नट सुटला किंवा स्टड तुटला. दोन्हींचा आवाज सारखाच असतो.

याच वेळी कोणीतरी म्हणेल, “दादा, गॅस लाव की, लाल झाला की सुटतोय.” या माणसाला पुढचा चहा देऊ नका. टायर चढवलेल्या रिमला आच दिली की आतली हवा तापते, रबर करपतं आणि टायर फुटतो. हवा सोडली तरी धोका जात नाही. टायर उतरवल्याशिवाय रिमजवळ ज्योत न्यायची नाही. या कृतीत एवढंच एक वाक्य गमतीचं नाही.

नट निघाले, ट्रॅक्टर उचलला, एक्सलखाली ठोकळे रचले. आणि चाक हालत नाही. डिस्क हबला गंजानं चिकटलीय. नट परत दोन-तीन आटे लावून ठेवा, ट्रॅक्टर खाली घ्या, दगड काढा आणि हळूहळू मागं-पुढं करा. स्वतःच्याच वजनानं चाक मोकळं होतं. ते पुन्हा उचलून काढताना टायरमध्ये पाणी भरलंय का, ते आठवा. 13.6-28 च्या टायरात दीडशे लिटरांहून जास्त पाणी मावतं. आडवं पडू लागलं तर सावरायला जाऊ नका, बाजूला व्हा. चाक पुन्हा उभं करता येतं.

हा सगळा खटाटोप टाळायला अमेरिकेत अॅलिस-चाल्मर्स कंपनीनं 1948 साली डब्ल्यूडी ट्रॅक्टरला अशी चाकं दिली की रिमवरच्या तिरक्या पट्ट्यांचे क्लॅम्प ढिले करायचे आणि इंजिनच्या जोरावर रिम बाहेर सरकवायची. घण नाही, पाइप नाही. फक्त त्या पट्ट्याही गंजतात.

बसवताना नट समोरासमोरचे आवळा, आणि पहिली खेप झाली की पुन्हा एकदा. संध्याकाळी हात धुवून मागं उभे राहा. अंतर टेपनं मोजा: 60 इंच, बरोबर. सकाळपासून गप्प बसलेले शेजारचे आण्णा तेव्हा उठतील, बिडी झटकतील आणि विचारतील, “टायरच्या नक्षीचं टोक मागून बघितल्यावर वर पाहिजे ना रे?”

टोक खाली आहे. रिमसकट डिस्क पालथी घातली की चाकांच्या बाजूही बदलायच्या असतात. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. नाहीतर टायर चिखल बाहेर न टाकता आत ओढतो.

डिझेलचा डबा आणा. निदान आज रात्री तरी नटांवर सोडून ठेवा.