आईच्या मानेतल्या पेशीला

मरायला नकार देणाऱ्या बी-पेशी,

नमस्कार लिहीत नाही. तुझं नाव रिपोर्टात वाचलं, फॉलिक्युलर लिम्फोमा, तोवर तू घरात ठाण मांडून बसली होतीस. रविवारी आईच्या केसांना तेल लावताना कानाखाली माझं बोट थबकलं. हरभऱ्याहून थोडी मोठी, रबरासारखी गाठ, दाबली की सरकणारी. "दुखतंय का गं?" "छे!" तिथंच आम्ही फसलो. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं. ते ठणकतं आणि जखम भरली की बसतं. तू ठणकलीही नाहीस, बसलीही नाहीस. टीबी समजून सहा महिने गोळ्या झाल्या. सुईनं काढलेल्या नमुन्यात तू सापडली नाहीस. अख्खी गाठ काढून तपासली तेव्हा हाती लागलीस.

परका जंतू असतीस तर इतका राग आला नसता. तू घरची राखणदार! अस्थिमज्जेत जन्मलीस, तिथं अँटिबॉडीची जनुकं जुळवण्यासाठी डीएनए तोडून पुन्हा सांधायची मुभा तुला दिली होती. त्या सांधकामात अठराव्या गुणसूत्राचा तुकडा चौदाव्याला जोडलास. अँटिबॉडीचं जनुक रात्रंदिवस राबतं, त्याच्या शेजारी त्या तुकड्यावरचं बीसीएल-२ हे जनुक येऊन बसलं, आणि तेही राबायला लागलं. बीसीएल-२ पेशी वाढवत नाही, तिला मरू देत नाही, हे १९८८ साली मेलबर्नच्या संशोधकांनी दाखवलं. तोवर कॅन्सर म्हणजे बेफाम वाढ, एवढंच बहुतेक जण धरून चालले होते.

लसिकाग्रंथीत तुझ्या बहिणींची परीक्षा होते. जिची अँटिबॉडी जंतूला नीट धरत नाही, ती मुकाट्यानं मरते. शरीर चालतं ते त्या मरणावर. तू नापास झालीस तरी उरलीस. पुन्हा पुन्हा तिथंच शिरलीस आणि दर खेपेला डीएनएत नवी मोडतोड करून घेतलीस. तुझ्यासारखी अदलाबदल धडधाकट माणसांच्या रक्तातही सापडते, त्यातली बहुतेक आजारी पडत नाहीत. आईच्या अंगात मात्र वर्षानुवर्षं एकावर एक बिघाड साचत गेले.

आणि आळ कुणावर? आत्या म्हणाली, "वहिनी उपास फार करायची, त्यानंच झालं." शेजारच्या काकूंनी प्लास्टिकच्या डब्यांवर खापर फोडलं. आई आता रात्री पडल्या पडल्या सोमवार, चतुर्थ्या, एकादश्या मोजते. बिघाड तुझा, हिशेब ती देते. हे मला सहन होत नाही, म्हणून हे पत्र उघड्यावर लिहिलं.

आता तुझ्या अंगावरची सीडी-२० ही खूण ओळखणारं औषध सलाईनमधून जातंय. पहिल्या दिवशी हुडहुडी भरली तेव्हा नर्सनं थेंब कमी केले, दोन घोंगड्या टाकल्या. आईचे केस टिकलेत. रविवारी तेल लावताना बोट मानेच्या डाव्या बाजूला जातं. तिथली दुसरी गाठ आता तुरीच्या दाण्याएवढी लागते.