कागलच्या पुढं सगळे आपलेच

कोल्हापुरातल्या फुटबॉल संघांची नावं वाचली की परगावच्या माणसाला वाटतं, कुस्त्यांची जाहिरातच हातात पडली. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम. लाल मातीसाठी पेठापेठांत ज्या तालमी उभ्या राहिल्या, त्यांतलीच पोरं संस्थानी काळात चेंडूमागं पळायला लागली. १९४० मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे केएसए, निघाली. खेळ वाढला, नावं तीच राहिली. त्यामुळं इथं सामना लागतो तो दोन पेठांत. आणि पेठ म्हटली की तिला एक जाणकार असतोच.

हा जाणकार साधारण पंचेचाळिशीचा. पोट थोडं पुढं, जर्सी पंचविशीतल्या मापाची. तो एके काळी ज्युनिअर गटात खेळायचा आणि गुडघा गेला नसता तर कलकत्त्याला गेला असता, असं तो सांगतो. गुडघा कसा गेला ही गोष्ट पेठेत सगळ्यांना पाठ आहे. फक्त दरवर्षी त्या गुडघ्यावर येऊन पडणारा बॅक थोडा उंच आणि थोडा जाड होत जातो. मधल्या काळात संघांनी नायजेरियाहून खेळाडू आणले, तेव्हापासून तो बॅक सव्वासहा फुटांचा झालाय.

तो मॅच बघत नाही, चालवतो. रेफ्रीला त्याच्या आजोळच्या नावानं हाक मारतो, गोलकीपरला किती पावलं पुढं यायचं ते गॅलरीतनं सांगतो. फक्त टायब्रेकर त्याला बघवत नाही. पेनल्टी सुरू झाली की तो मैदानाकडं पाठ करून उभा राहतो आणि समोरच्यांच्या तोंडावरनं निकाल वाचतो. तोंड फुललं की गोल, तोंड पडलं की गेली बाहेर. फुटबॉल असा माणसांच्या थोबाडावर बघणारा प्रेक्षक जगात दुसरा असेल, असं मला वाटत नाही.

आता केएसएच्या वरिष्ठ गटात १६ संघ, आणि सगळ्यांचं मैदान एकच, शाहू स्टेडियम. म्हणजे हिशेबानं पाहुणा कुणीच नाही. पण आमच्या जाणकाराला हा हिशेब मान्य नाही. त्याची पेठ मंगळवार. शिवाजी पेठ तिथनं चालत पंधरा मिनिटांवर, तरी तिथल्या लग्नाला जाताना तो परदेशी निघाल्यासारखा हळवा होतो. जेवण चांगलं होतं हे कबूल करायला त्याला दोन दिवस लागतात. स्टेडियमच्या गॅलरीत चुकून शिवाजी पेठेच्या पोरांत बसायची वेळ आली तर तो हात मांडीवर ठेवून, तोंड मिटून बसतो. वैऱ्याच्या दारात पाणी पिऊ नये म्हणतात, हा शेंगदाणासुद्धा खात नाही.

या माणसाची खरी पंचाईत होते ती कॉलेजच्या मॅचला. कॉलेजात तो एफवायपर्यंतच होता, आणि तेही मुख्यतः मैदानावर. पण ‘आमचं कॉलेज’ हे अजून सुटलेलं नाही. शिवाजी विद्यापीठ कोल्हापूर, सांगली आणि सातारा अशा तीन जिल्ह्यांचं. आंतरमहाविद्यालयीन सामने कधी या गावी, कधी त्या गावी. आणि कॉलेजच्या संघात पोरं सगळ्या पेठांची. गोलकीपर मंगळवारातला, स्टॉपर रविवारातला आणि ज्याच्या पायात खरी जादू, तो नऊ नंबरचा स्ट्रायकर नेमका शिवाजी पेठेतला. आता ओरडायचं कुणाच्या नावानं? चेंडू आपल्या पोराच्या पायात असेपर्यंत आपला, पुढं दिला की परका, असं करत नव्वद मिनिटं काढणं मोठं अवघड.

त्यात यंदा मॅच लागली गडहिंग्लजला.

“गडिंग्लजला कशाला मरायला जाताय?” घरातनं विचारणा झाली. “मी काय एकटा दळण आणू व्हय?” दळण शेजारच्या पोरावर सोपवलं गेलं, आणि सकाळी आठला एक ट्रॅक्स, त्यात मावतील तेवढी माणसं, वर एक हलगी आणि घुमकं, असा लवाजमा निघाला. लिहायला कुणीतरी पाहिजे म्हणून मलाही कोंबलं. ट्रॅक्समध्ये निम्मी शिवाजी पेठ होती. उचगाव येईपर्यंत कुणी कुणाशी बोललं नाही. कागल मागं पडलं, कोगनोळीचा टोलनाका आला आणि कर्नाटक लागलं. आपल्याच जिल्ह्यातल्या तालुक्याला जायला निपाणी, संकेश्वर असं परराज्यातनं जावं लागतं, याचा राग सगळ्यांना एकदमच आला, आणि त्या रागात शिवाजी पेठेतल्या एकानं आमच्या जाणकाराला तंबाखू दिली. त्यानं ती घेतली. मी डोळ्यांनी बघितलं. संकेश्वरला चहा झाला तेव्हा पैसे कोण देणार यावरून झोंबाझोंबी झाली, दोघंही देणारेच. कागलच्या पुढं सगळे आपलेच होते.

“तालुक्याचं गाव हाय,” जाणकार सांगत होता, “पोरांना ऑफसाइड कळतंय काय बघूया.”

हे बोलणं त्याला महागात पडलं. गडहिंग्लज हे कोल्हापूरइतकंच फुटबॉलनं झपाटलेलं गाव आहे, फक्त त्याचा गवगवा कमी. तिथं दिवाळीत फराळाइतकंच महत्त्व फुटबॉलच्या स्पर्धेला. एम. आर. हायस्कूलच्या मैदानावर बाहेरच्या राज्यांतले संघ खेळून जातात आणि लोक नवे कपडे घालून मॅचला येतात. आम्ही पोचलो तेव्हा जागा धरून बसलेल्यांत शाळकरी पोरांपासून काठी टेकत आलेल्यांपर्यंत सगळे होते. ओरडणं निम्मं मराठीत, निम्मं कन्नडमध्ये. कन्नड शिव्यांचा अर्थ आम्हाला कळत नव्हता. जाणकार सुरावरनं अंदाज घेऊन तेवढ्याच वजनाचं उत्तर मराठीत देत होता.

त्याच्या शेजारी एक म्हातारा बसला होता. धोतर, डोक्याला टोपी, मांडीवर भुईमुगाच्या भाजक्या शेंगांची पुडी. हलगी वाजली तरी त्यानं मान वळवली नाही. दहा मिनिटं खेळ बघितला, एक शेंग फोडली आणि म्हणाला, “पावणं, तुमचा लेफ्ट बॅक लई वर जातोय.”

“आजोबा, आमच्यात त्याला अटॅक म्हणत्यात.”

“म्हणा की.” म्हाताऱ्यानं पुडी पुढं केली. “घ्या, शेंगा खावा.”

जाणकारानं शेंगा नाकारल्या. आणि मग, कोल्हापूर काय चीज आहे हे या माणसाला समजलं पाहिजे म्हणून, त्यानं इतिहास काढला. २०१७ ला सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप भारतात झाला, भारताच्या मॅचा दिल्लीला, आणि त्या संघात अनिकेत जाधव, आमच्या कोल्हापूरचा. ‘आमच्या’ म्हणताना त्यानं छातीवर असा हात ठेवला, जणू पोराचं बारसं यानंच केलं होतं. आमच्याकडं वर्ल्ड कप आला की चौकाचौकात मेस्सी आणि नेमारचे कटआउट लागतात, ब्राझीलवाले आणि अर्जेंटिनावाले महिनाभर एकमेकांचं तोंड बघत नाहीत. म्हातारा सगळं ऐकत होता. ऐकता ऐकता म्हणाला, “गेला बघा.”

लेफ्ट बॅक वर गेला होता. त्याच्या मोकळ्या जागेतनं यजमानांचा विंगर सुटला, क्रॉस आला, डोकं लागलं, जाळी हलली. सगळं मैदान उठलं. म्हातारा तेवढा बसूनच होता. त्यानं पुडी परत पुढं केली. या वेळी जाणकारानं शेंगा घेतल्या.

उत्तरार्धाचं फार सांगत नाही. धूळ, धक्काबुक्की, दोन पिवळी कार्डं, आणि शेवटी शेवटी कॉर्नरवरच्या गर्दीत रविवार पेठेच्या स्टॉपरच्या मांडीला लागून चेंडू आत गेला. तो नेमका कसा गेला हे स्टॉपरलाही सांगता आलं नसतं, पण जाणकार म्हणाला, “ही मूव्ह मीच सांगितलेली.” सामना टायब्रेकरवर गेला.

आणि तिथं त्याची खरी कसोटी लागली. सवयीप्रमाणं तो मैदानाकडं पाठ करून उभा राहिला. समोर तोंड बघायला होतं एकच, म्हाताऱ्याचं. त्या तोंडावर काही म्हणजे काही उमटेना. पहिली पेनल्टी झाली, म्हातारा शेंग चावत होता. दुसरी झाली, अजून चावत होता. मागनं आरडाओरडा यायचा, पण कोण ओरडतंय आणि कुठल्या भाषेत, ते घुमक्यात कळेना. “गेली का आत? आजोबा, गेली का?” आमचा माणूस घामानं निथळत होता. म्हातारा टरफल बाजूला टाकून म्हणायचा, “बघा की फिरून.”

शेवटची पेनल्टी शिवाजी पेठेतल्या नऊ नंबरची. जाणकारानं डोळे मिटले. खंडोबाचं नाव घेतलं की अंबाबाईचं, ओठांवरनं समजलं नाही.

“घातला,” म्हातारा म्हणाला.

पुढचं अर्धा मिनिट मला नीट दिसलं नाही. दिसलं तेव्हा मंगळवार पेठेचा हा अभिमानी माणूस, गेलेल्या गुडघ्यासकट, मैदानाच्या मधोमध शिवाजी पेठेच्या पोराला खांद्यावर घेऊन नाचत होता आणि “नाद खुळा! नाद खुळा!” म्हणून ओरडत होता. गुडघा कुरकुरला असणारच, पण त्या दिवशी त्याचं कुणी ऐकलं नाही. मग त्यानं म्हाताऱ्याच्या पायावर डोकं ठेवलं. म्हातारा म्हणाला, “लेफ्ट बॅकला सांगा तेवढं,” आणि उरलेली पुडी त्याच्या खिशात घातली.

परतताना बाजारातनं संकेश्वरी मिरची घेतली, दळणाच्या प्रकरणावर उतारा म्हणून. नऊ नंबरचा पोरगा संघाच्या गाडीतनं न जाता आमच्याच ट्रॅक्समध्ये बसला. निपाणीपर्यंत हलगी बंद झाली नाही. जाणकार त्याच्या शेजारी बसून त्याला शेंगा सोलून देत होता, एक एक दाणा तळहातावर काढून.

कागल आलं तशी हलगी जरा ढिली पडली. उचगाव आलं, शेंगा संपल्या. शाहू नाक्यावर दिवे दिसायला लागले तेव्हा ट्रॅक्समधली माणसं कशी कोण जाणे आपापल्या बाजूला सरकलेली होती. पोरगा उतरायला निघाला. जाणकारानं त्याच्या पाठीवर थाप मारली.

“लई भारी खेळलास, भावा.”

“तुमचा आशीर्वाद, काका.”

“आयतवारी आमच्याबरोबर मॅच हाय न्हवं तुमची?”

“हाय की.”

जाणकारानं त्याच्या उजव्या पायाकडं बघितलं, बराच वेळ बघितलं.

“मग त्या पायाला जप हां जरा. आमचा बॅक लई आडदांड हाय.”