सुखतळ्याचा शिरस्ता
पोलीसभरतीच्या १६०० मीटरांसाठी हिंगोली-औंढा रस्त्यावर पहाटे धावणाऱ्या उमेदवारांपैकी ज्याच्या घरच्या हळदीला वसमतच्या बाजारात बरा भाव मिळाला, त्याने कार्बनच्या पट्टीचा बूट आणावा, तळपाय सपाट निघताच त्यात कमानीचा कडक सुखतळा कोंबावा, आणि टाच बुटाबाहेर डोकावू लागली की दोष बांधकाम खात्याच्या माथी मारावा, असा शिरस्ता पडू पाहत आहे. मूळचा सुखतळा उपटल्याखेरीज नवा नीट बसत नाही, आणि बसला तरी खालचा फोम मऊच असल्याने आधारासही आधार उरत नाही, ही बारीक बाब दुकानदार (सज्जनच तो!) विक्रीनंतर सांगतो. जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने रस्त्यावरील शर्यतींस ४० मिलिमीटर तळ आणि एकच पट्टी एवढीच मुभा दिली आहे. भरतीच्या वैद्यकीय तपासणीत मात्र तळवा अनवाणीच पाहतात.