त्रिरश्मीचा सातबारा

देवळाली कॅम्पात १९४१ पासून स्कूल ऑफ आर्टिलरी आहे. तिथे तोफेचा गोळा डागायचा तर वारा, हवेचं तापमान, दारूचं तापमान, अंतर, उंची असा सगळा हिशेब मांडावा लागतो. चुकला तर गोळा भलतीकडे पडतो. फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर, सकाळी फिरून आलेल्या मंडळींमध्ये ब्रह्मास्त्र मात्र कसल्याही हिशेबाविना बरोबर जागी पडतं. “अहो काका, अणुबॉम्बच तो! मंत्र म्हणजे त्याचा पासवर्ड.” दुसरा कटिंग येईपर्यंत पुष्पक विमानही उतरलेलं असतं.

विमानाचं प्रकरण तर खास मराठी. सांगतात की, १८९५ मध्ये शिवकर बापूजी तळपदे यांनी गिरगाव चौपाटीवरून ‘मरुत्सखा’ १,५०० फूट उंच उडवलं, तेही ‘वैमानिक शास्त्र’ या प्राचीन ग्रंथाच्या आधारे. उड्डाणाचा खात्रीचा समकालीन पुरावा एकही पुढे आलेला नाही, ते राहू द्या. पण हा ग्रंथ पंडित सुब्बराय शास्त्री यांनी तोंडी सांगितला आणि लिहून घेतला गेला तो १९१८ ते १९२३ या काळात. विमान उडून गेल्यावर तेवीस वर्षांनी माहितीपुस्तिका लिहायला घेतली, असा हा क्रम! १९७४ मध्ये बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या पाच जणांनी ग्रंथ तपासला. त्यांच्या मते तो १९०४ च्या आधीचा नाही आणि त्यातली विमानं उडण्यासारखी नाहीत. तरी जानेवारी २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठात भरलेल्या इंडियन सायन्स काँग्रेसमध्ये कॅप्टन आनंद बोडस यांनी याच ग्रंथावर निबंध वाचला. ही विमानं म्हणे ग्रहावरून ग्रहावर जात आणि मागेही उडत. पार्किंगची सोय पूर्वजांनी पाहिली होती म्हणायची.

लेखक पु. ना. ओक यांना एवढ्या यंत्रसामग्रीचीही गरज पडली नाही. त्यांचं काम कानावर भागत असे. ताजमहाल म्हणजे तेजोमहालय, व्हॅटिकन म्हणजे वाटिका. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांची ताजमहालाची याचिका फेटाळली. भक्तांच्या लेखी तो दडपादडपीचा आणखी एक पुरावा ठरला. या धंद्यात हेच सुख आहे. पुरावा मिळाला तर सिद्ध, नाही मिळाला तर कुणीतरी लपवला.

कॅम्पापासून फार लांब नाही, मुंबई-आग्रा महामार्गालगत त्रिरश्मी डोंगरावर चोवीस लेणी आहेत. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. महाराष्ट्रात जे जुनं आणि अवघड, ते पांडवांनी एका रात्रीत केलेलं असतं. अंबरनाथचं देऊळही त्यांच्याच खात्यावर आहे. यात लोकांचा दोष फारसा नाही. भिंतीवरची ब्राह्मी लिपी वाचणारं शतकानुशतकं कुणी उरलं नव्हतं, जेम्स प्रिन्सेपने ती उलगडली १८३७ च्या सुमारास. तोवर अडाण्याने केलेला तर्क प्रामाणिक होता. आता तो तर्क इंजिनिअरिंगची पदवी घेऊन आला आहे, एवढाच काय तो फरक.

गंमत अशी की, भिंतीवर अर्जुन आणि भीमसेन खरोखरच आहेत. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची थोरवी कोरून घेतली आहे. पराक्रमात तो राम, केशव, अर्जुन आणि भीमसेन यांच्या तोडीचा, असं ती म्हणते. पांडवांनीच लेणी खोदली असतील, तर रात्रभर घाम गाळून त्यांनी दुसऱ्याच राजाची स्तुती लिहून ठेवली, असं मानावं लागेल. भीमाचा स्वभाव पाहता हे पटत नाही.

मग लोकांना हे पटतं कसं? गोऱ्या साहेबाने दीडशे वर्षं ‘तुम्हाला काही येत नव्हतं’ असं ऐकवलं, त्याचा सल अजून आहे आणि तो खोटाही नाही. पण त्यावरचं औषध भलतंच निघालं. एरिक फॉन डॅनिकेनने १९६८ मध्ये पुस्तक लिहून प्राचीन लोकांच्या कामाचं श्रेय परग्रहवासीयांना दिलं. आपण ते पांडवांना देतो. दोन्हीकडे सातबाऱ्यावरून नाव खोडलं जातं ते ज्यांनी छिन्नी चालवली आणि पैसे मोजले त्यांचं. त्रिरश्मीवरचं एक लेणं मुगुदास नावाच्या कोळ्याने सहकुटुंब दिलं आहे. त्याच्यासाठी कुणी मिशीला पीळ देत नाही.

आणि प्राचीन तंत्रज्ञानच हवं असेल, तर तेही इथे आहे. आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळात विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी गोवर्धनच्या श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे, ठेवी ठेवल्या. त्यात कुंभार आहेत, तेली आहेत आणि ‘ओदयंत्रिक’ आहेत, म्हणजे पाण्याची यंत्रं बनवणारे. यंत्र करणाऱ्यांची संघटना, नाशिकमध्ये, सतराशे वर्षांपूर्वी! हा मेसेज आजवर एकाही ग्रुपवर आलेला नाही.

त्याआधी क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने विणकरांच्या एका श्रेणीकडे २,००० कार्षापण ठेवले, दरमहा शेकडा एक व्याजाने. वर्षाचे होतात २४०. त्यातून वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा मिळायचे. वीस बारे दोनशे चाळीस. पैशाचाही फरक नाही. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं, हेही दगडात कोरलेलं आहे. वर्षाला बारा टक्के! बँकेतल्या मुदत ठेवीचा आजचा दर पाहता, ब्रह्मास्त्राचा पासवर्ड शोधणाऱ्या पेन्शनर मंडळींनी आधी त्या विणकरांच्या वारसांचा पत्ता शोधायला हरकत नाही.