टीका करायची नाही म्हणे!

दिवाळी अंकाच्या लेखाची मागणी नेहमी भर पावसात येते. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून ही प्रथा पाडली, आणि तेव्हापासून मराठी लेखकाला आकाशकंदिलाचे विचार छत्री वाळत घालताना करावे लागतात.

“तुम्हाला काय हो, नेरळला राहता! विषयच विषय!” असं संपादक फोनवर म्हणतात. मुंबईकरांचा असा समज आहे की नेरळच्या माणसाने खिडकी उघडली की समोर धबधबा असतो आणि धबधब्यातून लेख पडतो. माझ्या खिडकीतून शेजारचे काका दिसतात. त्यात नारायण सुर्व्यांसारखा कवी अखेरच्या काळात या गावात राहायला आलेला. त्यामुळे ‘इथे काही सुचत नाही’ म्हणायचीही सोय उरलेली नाही.

या खेपेला मुलगी पुण्याहून आली होती. तिच्या कंपनीत कुणाला काही सुचत नसलं की सगळ्यांना एका खोलीत कोंडतात आणि भिंतीला रंगीत चिठ्ठ्या लावायला देतात. “बाबा, तुम्ही एकदम लिहायला बसता तिथेच चुकतं. आधी ब्रेनस्टॉर्मिंग करा,” ती म्हणाली. हे तंत्र अॅलेक्स ऑस्बॉर्न नावाच्या अमेरिकन जाहिरातवाल्याचं. बीबीडीओ या जगप्रसिद्ध जाहिरात कंपनीच्या नावातला ‘ओ’ तो हाच. १९५३ साली ‘अप्लाइड इमॅजिनेशन’ या पुस्तकात त्याने त्याचे नियम नीट मांडले. कुणाच्याही कल्पनेवर टीका करायची नाही, कल्पना जितकी अचाट तितकी बरी, संख्या भरपूर हवी आणि दुसऱ्याच्या कल्पनेला आपली जोडायला हरकत नाही. यातले शेवटचे तीन नियम आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या पाळले जातात. पहिला वाचून हिने चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला.

रविवारी दुपारी बैठक भरली. मी, ही, मुलगी, आई आणि शेजारचे काका. काकांना बोलावलं नव्हतं, पण रेल्वेत टीसी म्हणून नोकरी झालेली असल्याने बोलावल्याशिवाय येण्याची त्यांना सवय आहे.

“पहिली कल्पना,” मुलगी म्हणाली, “माथेरानची मिनी ट्रेन.”

“आदमजी पीरभॉय, १९०७, दोन फुटी रूळ, एकवीस किलोमीटर, खर्च सोळा लाख,” काकांनी तिकीट फाडल्यासारखं सगळं एका दमात दिलं.

“पण पावसाळ्यात ती नेरळहून सुटतच नाही,” ही म्हणाली. “वरच्या वर अमन लॉज ते माथेरान तेवढी चालते. संपादकांना सांगा, लेख न्यायला अमन लॉजला या.”

“आई, टीका नाही!”

“टीका कुठे करतेय? माहिती सांगतेय.”

मी घाईघाईने म्हणालो, की माणसाचे विचारही या गाडीसारखे वळसे घेत घेत—

“हे तुझ्या वडिलांनीसुद्धा लिहिलं होतं,” आई म्हणाली. “परत आलं होतं.”

मुलीने तंत्र बदललं. टोनी बुझान या इंग्रजाने १९७४ साली बीबीसीवरच्या कार्यक्रमातून माइंड मॅप लोकप्रिय केला: कागदाच्या मध्यभागी विषय लिहायचा आणि फांद्या काढत जायचं. त्याला मोठा कोरा कागद लागतो. घरात मोठा कागद म्हणजे उलटलेल्या महिन्याचं कालनिर्णय. पण त्याच्या पाठीमागे दुसऱ्या कुणीतरी आधीच विचार करून, वर पाककृतीसह छापून ठेवलेलं असतं. शेवटी लग्नपत्रिकेचं पाकीट उसवून घेतलं. मधोमध ‘पाऊस’ लिहिलं. पावसातून ओल निघाली, ओलीतून भिंत, भिंतीतून रंगारी, रंगाऱ्यातून उसने पैसे. तिथून जी फांदी निघाली ती थेट काकांपाशी जाऊन थांबली. काकांनी विषय बदलला. बुझानचं तंत्र लेखाला नसेल, पण वसुलीला चांगलं आहे.

मग मुक्तलेखन झालं. पीटर एल्बो या अमेरिकन प्राध्यापकाने १९७३ साली सुचवलेलं: दहा मिनिटं हात न थांबवता, न खोडता, येईल ते लिहीत राहायचं. मी प्रामाणिकपणे लिहिलं. आईने तो कागद वाचला, पिशवी घेतली आणि काकांना बाजारात पाठवलं. काका कांदे, काडेपेटी आणि बुटांची पॉलिश घेऊन आले. माझ्या अंतर्मनातलं बाकीचं त्यांना दुकानात मिळालं नाही.

कोण, काय, कधी, कुठे, का, कसं, हे सहा प्रश्न विषयाला विचारायचे, असंही एक जुनं तंत्र आहे. ते मुलीने शिकवायची गरज नव्हती. मी सकाळी कर्जत लोकल पकडायला निघालो की काका कुंपणावरून हे सहाही प्रश्न विचारतात, आणि ‘परत कधी?’ हा सातवा स्वतःचा घालतात.

आई रोज दासबोध वाचते, म्हणून मी आशेने तिला विचारलं. एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेचा आहे. अक्षर वाटोळं आणि सुटं कसं काढावं, ओळी सारख्या कशा ठेवाव्यात, कागदाच्या कडांना जागा किती सोडावी, लेखण्या आणि शाई कशी असावी, सगळं आहे. सुचावं कसं, याबद्दल त्या समासात चकार शब्द नाही. समर्थांनी बहुधा गृहीत धरलं असावं, की ज्याला सुचलेलं नाही तो शाई घोटायला बसणारच नाही.

एव्हाना भिंतीवर बऱ्याच चिठ्ठ्या झाल्या होत्या. पण नेरळच्या भिंती पुण्यासारख्या नसतात. आमच्याकडे भिंतीला भाद्रपदापर्यंत घाम असतो. पिवळी चिठ्ठी सुटली, मागोमाग गुलाबी. मुलगी दाबून बसवायला धावली. तेवढ्यात गेलेली लाईट आली, पंखा पाचावर सुरू झाला आणि ऑस्बॉर्नला अभिप्रेत असलेलं वादळ एकदाचं घरात आलं.

आईने सगळ्या चिठ्ठ्या केरसुणीने गोळा केल्या आणि तांदूळ निवडायला बसावं तशी बसली. एकसारख्या दिसतील त्या एकत्र. कुठला ढीग कशाचा, हे तिने आधी ठरवलं नाही. ढीग झाल्यावर नावं दिली. मुलगी थक्क झाली, कारण जिरो कावाकिता या जपानी मानववंशशास्त्रज्ञाची पद्धत अगदी हीच आहे. नेपाळमधल्या भटकंतीत जमलेल्या नोंदी हाताळता हाताळता त्याला असल्या वर्गवारीची गरज पडली. आईचे ढीग तीन होते: खायचं, पावसाचं आणि कुरकुर. पहिल्या दोघांत मिळून मूठभर चिठ्ठ्या. तिसरा ढीग पाटाएवढा. मुलीने लिहिलेल्या प्रत्येक कल्पनेवर कुणी ना कुणी जे म्हणालं, तेही तिने इमानदारीने उतरवलं होतं.

मी ढीग चाळला. मिनी ट्रेन ही कल्पना काही कामाची नव्हती. ‘लेख न्यायला अमन लॉजला या’ हे मात्र कामाचं होतं. माझा लेख त्या कुरकुरीतच होता.

याला शास्त्राचाही आधार आहे, हे मुलीनेच मोबाईलवर शोधून, जरा नाइलाजाने वाचून दाखवलं. १९५८ साली येल विद्यापीठात चौघांना एकत्र बसवून जेवढ्या कल्पना निघाल्या, त्याच्या जवळजवळ दुप्पट चौघांना वेगवेगळं बसवून निघाल्या. (येलकडे चार खोल्या होत्या.) आणि २००४ साली शार्लन नेमेथ आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत आणि फ्रान्समध्ये करून पाहिलं, तर ‘टीका करू नका’ सांगितलेल्या गटांपेक्षा ‘खुशाल वाद घाला’ सांगितलेल्या गटांना जास्त सुचलं. अभ्यासकांनी प्रवासखर्च उगाच केला. सकाळच्या कर्जत लोकलमध्ये चौथ्या सीटवरून होणारी चर्चा ऐकली असती, तर अंबरनाथ यायच्या आत निष्कर्ष हाती आला असता.

“एकटं बसल्यावर जास्त सुचतं ना?” मी आशाळभूतपणे विचारलं. “टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात एकट्याने, शिसपेन्सिलीने, १९१०-११च्या हिवाळ्यात गीतारहस्य लिहिलं.”

“त्यांना पानं मोजून दिलेल्या वह्या मिळायच्या,” ही म्हणाली. “तुम्हालाही देते. आणि पिशवी घेऊन बाजारात कोण जाणार?”

“मी जातो की,” काका म्हणाले. “पण ती मंडालेची खोली कुठल्या बाजूला काढताय? आमच्याकडून वारा अडता कामा नये.”

मुलगी सोमवारी पुण्याला गेली. उरलेल्या चिठ्ठ्या फुकट घालवणं हिच्या स्वभावात नाही. भिंतीला न टिकणाऱ्या त्या चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यांना मात्र घट्ट बसल्या. एका बाजूला माझी कल्पना, दुसऱ्या बाजूला हिच्या अक्षरात मेतकूट, भाजणी, वरई. कुरकुरीचा अख्खा ढीग मांडणीवर चढलाय. लेख लिहिताना पावसाळी लोकलचा मुद्दा हवा असला की साबुदाण्याचा डबा खाली काढावा लागतो, आणि संपादकांचा मुद्दा तर नेमका वरच्या फळीवर, गोडा मसाल्यावर आहे. आत्ताही स्टुलावर चढून तोच वाचत होतो.

“मुद्दा घ्या,” खालून आवाज आला, “पण झाकण नीट लावा.”