स्वातंत्र्याचा कोड : १३७

बड्या कंपन्यांच्या तावडीतून सुटायचं म्हणून लोक हल्ली मॅस्टोडॉन हे सोशल नेटवर्क स्वतःच्या सर्व्हरवर थाटतात. डॉकरचे पाच कंटेनर दिमाखात उभे राहतात: वेब, स्ट्रीमिंग, साइडकिक, पोस्टग्रेस, रेडिस. सभासद मात्र एकच, खुद्द मालक. सगळी हमाली साइडकिकच्या गळ्यात: पोस्ट पोचवा, चित्रं आणा, ईमेल धाडा. एक दिवस तो मान टाकतो. पण डॉकरच्या फाइलीत 'रीस्टार्ट: ऑल्वेज' लिहिलेलं, त्यामुळे डॉकर त्याला उठवून लगेच कामाला जुंपतो. स्टेटस पाहावं तर 'अप, ४ सेकंद'. म्हणजे तब्येत ठणठणीत!

त्याचा लॉग चाळावा तर कारणाबद्दल अवाक्षर नाही. असणार कसं? एक्झिट कोड १३७, म्हणजे १२८ अधिक ९. आणि ९ नंबरचा सिग्नल आला की निरोप घ्यायलाही सवड मिळत नाही. मेमरी संपली की लिनक्सचा कर्नल हाच सिग्नल धाडून बहुधा ज्याचं पोट मोठं त्याचाच बळी घेतो. कर्नलच्या नोंदीत मात्र 'आउट ऑफ मेमरी' असा रीतसर पंचनामा सापडतो.

उपाय सोपा: साइडकिकचे थ्रेड कमी करा, नाहीतर रॅम वाढवा. रॅम अर्थात क्लाउडवरची, भाड्याची. आणि भाडं? कुठल्यातरी बड्या कंपनीलाच.